जिन्यातला खोका

नाना, भांडण अर्धवट टाकून उठायची तुमची सवय नव्हती. मुद्दा तुमचा असो की माझा, त्याचा निकाल लागल्याशिवाय तुम्ही ताटाला हात लावत नव्हतात. मग याच वेळी असं का केलंत? त्या संध्याकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून तुम्ही म्हणालात, "सकाळी बोलू, सूनबाई. आता शांती राख." सकाळी बोलायला तुम्ही नव्हतात.

तेरावं झालं. पुण्याहून आलेली तुमची लेक वैशाली वरची खोली आवरते आहे आणि मी खाली हॉलमध्ये बसून तुमच्याशी भांडते आहे. दुसऱ्या कोणाशी भांडू? तुमचा सुहास गेल्यापासून या घरात सासरा आणि सून, एवढीच तर माणसं होती.

भांडण कशावरून, तर टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवरून. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. बडोद्याच्या गोत्री भागातल्या आपल्या सोसायटीत एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन खोके आहेत. आपल्याकडे एकच, आणि तोही जिन्याच्या मधल्या वळणावर, तुम्ही स्वतः ठोकलेल्या फळीवर. गच्चीवरच्या डिशची, म्हणजे आपल्या छत्रीची, केबल त्या खोक्यात उतरते. खोक्यातून निघालेलं चित्र एका लहानशा डबीतून पुन्हा केबलवर चढतं, पुढे स्प्लिटरमध्ये त्याचे दोन फाटे होतात. एक खाली हॉलमधल्या टीव्हीला, दुसरा वर तुमच्या खोलीतल्या टीव्हीला. दोन्ही टीव्हींशेजारी रिमोटसाठी एकेक लाल डोळा बसवलेला. कुठूनही बटण दाबा, हुकूम त्याच केबलने उलटा जिन्यापर्यंत जातो आणि खोका मुकाट्याने चॅनेल बदलतो. म्हणजे वर बदललं की खालीही बदलणार, आणि खाली बदललं की वरही. पडदे दोन, रिमोट दोन, चित्र मात्र एकच.

हे सगळं तुम्ही रिटायर झाल्यावर उभं केलंत. रेल्वेच्या सिग्नल खात्यात जन्म काढलेला माणूस घरी स्वस्थ बसणार कसा? भुसावळहून बदली होऊन बडोद्याला आलात आणि इथलेच झालात, पण घराकडे बघायची नजर यार्डातलीच राहिली. लहरीपुऱ्याच्या बाजारात उन्हात उभे राहून केबल बोटांनी चाचपून घेतलीत. एका दुकानदाराने जाडजूड म्हणून दाखवलेली केबल तुम्ही परत केलीत, कारण वरून जाड असली तरी आतलं तांबं बारीक होतं. तो तुमच्यावर वैतागला आणि मी लाजेने शेजारच्या दुकानातल्या बांगड्या बघत राहिले. घरी आल्यावर भिंतीच्या कडेने क्लिपा ठोकताना मला शिडी धरायला लावलीत आणि वर शिकवणीही घेतलीत. केबल काटकोनात वळवायची नाही. तारा पिळून टेपने जोड द्यायचा नाही. आणि खोका कधी म्हणजे कधी बंद करायचा नाही, कारण खालच्याने बंद केला तर वरच्याचा टीव्ही मरतो. मी शाळेत गणित शिकवते. दिवसभर मुलांना नियम सांगून घरी यायचं आणि घरी तुमचे नियम ऐकायचे, असा माझा दिवस.

छत्रीशेजारी जुना लांबलचक अँटेनाही तुम्ही ठेवलात. पावसात छत्री आंधळी झाली तर अँटेनावरून सरकारी चॅनेल तरी दिसेल, हा तुमचा विचार. पुढे ते प्रक्षेपणच बंद झालं, तरी अँटेना काढला नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "असू दे, कावळ्यांना बसायला होतो."

तेव्हा सुहास होता आणि घरात आवाज होता. तुम्हाला क्रिकेट हवं, मला माझी मालिका हवी. तुम्ही वरून बटण दाबायचात, मी खालून. मालिकेतली सून एकदाची तोंड उघडून सासूला बोलणार, तेवढ्यात पडद्यावर कोणीतरी बाद व्हायचा. मी जिन्याखाली उभी राहून ओरडायची, "नाना, तुमची मॅच उद्या पेपरात येणारच आहे." वरून उत्तर यायचं, "आणि तुझी ती सून उद्याही रडणारच आहे." सुहास मधल्या वळणावर खोक्यापाशी जाऊन बसायचा आणि दोघांचे रिमोट जप्त करायची धमकी द्यायचा. त्याला या वादात फार मजा वाटायची. बापलेकांमध्ये तुम्ही कामाची वाटणी केली होती. तारा तुमच्या, मेनू त्याचा. खोक्याच्या आतल्या याद्या, सेटिंग, नको असलेली चॅनेल लपवणं हे सगळं तो बघायचा. तुम्ही त्यात कधी शिरला नाहीत आणि मीही नाही.

त्याला स्वतःला एकच कार्यक्रम प्रिय होता, संध्याकाळी सातचा, गुजरातीतला, शेतीचा. जाकीट घातलेला एक गृहस्थ कोणाच्या तरी बागेत उभा राहून चिकूच्या कलमांबद्दल आणि ठिबकच्या नळ्यांबद्दल बोलायचा. सुहासची नोकरी कारखान्यात, पण मन त्याचं बडोद्याजवळच्या पादरा गावाकडे. तिकडे थोडी जमीन घ्यायची, चिकू आणि लिंबं लावायची आणि तुम्हाला तिथे नेऊन बाजेवर बसवायचं, असं त्याचं पक्कं ठरलं होतं. तुम्ही म्हणायचात, "बाजेवर बसवशील, पण माझ्या टीव्हीचं काय?" तो म्हणायचा, "झाडाला छत्री बांधू की."

जमीन घ्यायची राहिली. एका दुपारी कारखान्यातून फोन आला आणि सगळंच राहिलं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. वैशाली म्हणाली, दोघंही पुण्याला चला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी तुमच्याकडे पाहिलं आणि दोघांनी एकदमच नाही म्हटलं. का म्हटलं ते आपण एकमेकांना कधी विचारलं नाही. तुम्ही सहज लेकीकडे जाऊ शकला असतात. गेला नाहीत, माझ्यासाठी थांबलात, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी ते तोंडाने म्हणायला हवं होतं, नाना. किती वेळा जिन्यापर्यंत आले आणि भाजी काय करू, असं विचारून परत गेले.

सुहास गेल्यावर आपण भांडायचेच थांबलो. मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं. तुम्ही क्रिकेट लावेनासे झालात. मी मालिका लावली तर वरून ती कोणी बदलत नसे, आणि कोणी बदलत नाही म्हटल्यावर मलाही ती बघावीशी वाटेना. तुम्ही मला जपत होतात, मी तुम्हाला. इतकं जपलं की आपण एकमेकांकडे पाहुणे आल्यासारखे वागायला लागलो. जेवायला समोरासमोर बसायचो. आमटीला मीठ बरोबर आहे, दूधवाला उद्या येणार नाही, एवढंच बोलणं. सुहासचं नाव तुम्ही घेत नव्हतात, कारण मी रडेन. मी घेत नव्हते, कारण तुम्ही गप्प व्हाल. तसे गप्प तर आपण होतोच.

आणि रोज संध्याकाळी सातला पडद्यावर तो जाकीटवाला यायचा.

त्या सुमाराला मी आत देवापाशी दिवा लावत असे. बाहेर यावं, तर हॉलमध्ये चिकूची बाग. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तशीच परत आत गेले. मग वाटलं, वरून नानांनी लावलं असणार. लेकाचा कार्यक्रम आहे, बघू दे त्यांना. मला तो बघवत नव्हता. खालच्या टीव्हीचा आवाज बंद करून मी स्वयंपाकघरात जायची आणि कणीक मळत बसायची. चॅनेल बदलायला मात्र माझा हात कधी धजला नाही. खालून बदललं असतं, तर वर तुमच्या डोळ्यांसमोरून ते चित्र गेलं असतं. ते मी कसं करणार होते?

एक मात्र कबूल करायला हवं, तुमच्या या एका खोक्याने आपल्या दोघांची पुष्कळ कामं केली. सकाळी उठल्यावर मी हॉलमधला टीव्ही आवाज बंद करून लावून ठेवायची. तुम्ही जागे झालात की आधी भजनांचं चॅनेल लावणार, हे ठरलेलं. खाली पडद्यावर टाळ-मृदंग दिसले की मी चहाचं आधण ठेवायची. तोंड धुऊन, काठी टेकत तुम्ही खाली येईपर्यंत कप भरलेला असायचा. तसंच शाळेतून आले की मी बातम्या लावायची. वर तुमचं चित्र बदलायचं आणि जिन्यावरून हाक यायची, "आलीस का?" परवा वैशालीने सांगितलं, की तुम्ही तिला फोनवर म्हणायचात, "या घरात मी उठलो की चहा तयार. हिला कसं कळतं देव जाणे." तुम्हाला खरंच माहीत नव्हतं का, नाना? सगळी तार तुमच्या हातची. की ही कधीतरी आपण होऊन सांगेल म्हणून वाट बघत होतात?

मग त्या संध्याकाळी मी पुन्हा दुसऱ्या खोक्याचा विषय काढला. वरच्या खोलीत तुमचा वेगळा खोका असला तर तुम्ही मॅच परत सुरू कराल, माझ्यासाठी म्हणून मन मारून बसणार नाही, असं माझ्या मनात होतं. आणि मला सातला हॉलमध्ये बसता येईल, असंही होतं. यातलं काहीच मी बोलले नाही. बोलले ते असं, "तुम्हाला हवं ते तुम्ही बघा, मला हवं ते मी बघीन."

तुम्ही म्हणालात, "एका घरात दोन खोके कशाला?"

"सगळ्यांकडे आहेत."

"सगळ्यांकडे माणसंही आहेत."

ते मला लागलं. मी म्हटलं, माणसं नाहीत यात माझा काय दोष? तुम्ही कठडा धरून उभे राहिलात, काही बोलणार असं वाटलं, आणि मग ते "सकाळी बोलू" म्हणालात.

सकाळी मी टीव्ही लावला. रात्री लावलेलं बातम्यांचंच चॅनेल होतं. दूधवाला येऊन गेला, पेपर आला, कामवाली भांडी घासून गेली. बातम्याच चालू राहिल्या. मला वाटलं, रुसलात. जिना चढताना मी मनात भांडणाचा पुढचा मुद्दा जुळवत होते, खोटं कशाला सांगू? तुमचं दार नुसतं लोटलेलं होतं आणि रिमोट उशीजवळ होता. तुमचा हात त्याच्यापर्यंत गेला होता की नाही, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

बेसण्याला, म्हणजे इकडच्या शोकसभेला, शेजारचे जयंतीभाई आले. तुम्ही दोघं आपापल्या गच्चीवरून गप्पा मारायचात, हे मला ठाऊक होतं. कोणत्या वेळी, ते ठाऊक नव्हतं. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "नानाकाका तो रोज सात वागे अगाशीए आवी जता. में पूछ्युं, काका, टीवी नथी जोता? तो कहे, वहू सुहासनो प्रोग्राम जुए छे, एने जोवा दे. माराथी नथी जोवातो."

रोज सातला गच्चीवर येऊन, सून सुहासचा कार्यक्रम बघते आहे, तिला बघू दे, माझ्याच्याने बघवत नाही. हे तुम्ही म्हणत होतात, नाना. तुम्ही वर गच्चीवर त्या बिनकामाच्या अँटेनाखाली, मी खाली परातीत हात घालून, आणि मधल्या दोन रिकाम्या खोल्यांमध्ये तो माणूस चिकूंबद्दल बोलत होता. तुम्हाला वाटायचं मी लावलंय. मला वाटायचं तुम्ही.

मग लावत कोण होतं? सुतकात टीव्ही बंद होता, त्यामुळे हा प्रश्न मनात घोळवत राहण्यापलीकडे काही करता आलं नाही. काल संध्याकाळी पहिल्यांदा हॉलमधला टीव्ही लावला आणि बातम्यांसमोर बसले. काल देवापाशी दिवा वैशालीने लावला, म्हणून सातला मी बाहेर होते. वर कोणी नव्हतं. माझा रिमोट टेबलावर होता. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक पट्टी आली, क्षणभर राहिली आणि गेली. लगेच बातम्या गेल्या आणि बाग आली. जाकीटवाला आता चांगला म्हातारा दिसायला लागला आहे.

पट्टी आपण दोघांनीही कधी पाहिली नव्हती. मी त्या वेळी देवापाशी, तुम्ही रोजचे औषधाचे थेंब डोळ्यांत घालून वर डोळे मिटून पडलेले. डोळे उघडेपर्यंत चित्र बदललेलं असायचं, आणि ते दिसलं की तुम्ही गच्चीची वाट धरायचात.

मी आयुष्यात पहिल्यांदा खोक्याच्या मेनूत शिरले. दोन-चार वेळा चुकले, परत मागे आले. शेवटी रिमाइंडर नावाच्या पानावर एकच ओळ सापडली. त्या कार्यक्रमाचं नाव, आणि पुढे लिहिलेलं, रोज. या घरात त्या पानावर जाणारा माणूस एकच होता. आपला कार्यक्रम चुकू नये म्हणून सुहासने ते लावून ठेवलं होतं, आणि खोका कधी बंद करायचा नाही हा नियम तुम्ही केला होता. म्हणून तो रोज सातला येत राहिला.

मी खूप रडले. मग मला तुमचा राग आला. एकदा, अहो एकदा तरी तुम्ही वैतागून बटण दाबायचं होतं. चिकूच्या जागी क्रिकेट आलं असतं. मी पिठाच्या हातांनी जिन्याखाली येऊन ओरडले असते, की तुमच्या लेकाचा कार्यक्रम आहे आणि तो तुम्हीच बंद करता? तुम्ही वरून म्हणाला असतात, मी कुठे लावला होता? आपण दोघं मधल्या वळणावर, त्याच्या जागेवर, एकमेकांसमोर आलो असतो. त्याचं नाव निघालं असतं. रडलो असतो, हसलोही असतो. फार तर चहा उशिरा झाला असता. मीही दाबू शकले असते बटण. आपण दोघंही जपत बसलो, नाना, आणि जपण्यात सगळा वेळ गेला.

"सगळ्यांकडे माणसंही आहेत," याचा अर्थ मला आता लागतो. आपल्याकडे दोनच उरली होती. दोन खोके झाले असते तर तुम्ही उठलात हे मला कळलं नसतं आणि मी घरी आले हे तुम्हाला. तुम्हाला हेच म्हणायचं होतं ना? सकाळी हेच बोलणार होतात ना? हो म्हणायला तुम्ही नाही, म्हणून मी आपलं हो धरून चालते. पण त्या कठड्यापाशी तुम्ही माझं बोलणं मनाला लावून घेतलं असेल, ही रुखरुख काही जात नाही.

वैशाली व्यवहारी आहे, तुमच्यावर गेलेली नाही. गच्चीला वॉटरप्रूफिंग करायचंय, त्याआधी छत्री आणि अँटेना उतरवायला ती माणूस बोलावणार होती. हॉलमध्ये इंटरनेटवर चालणारा मोठा टीव्ही घेऊ म्हणते. "वहिनी, एकट्या माणसाला दोन टीव्ही, आणि दोन्हीकडे एकच चित्र. कशासाठी?" मी म्हटलं, अजून नको. ती म्हणाली, "निदान वरच्या खोलीला वेगळा खोका तरी बसवू, मी येईन तेव्हा मला होईल." माझ्या तोंडून निघून गेलं, "एका घरात दोन खोके कशाला?" ती तुमच्या खोलीचं दार लावून आत बसली. जिंकलात तुम्ही, नाना. जिंकलेलं ऐकायला थांबायचं होतं.

आज सकाळी लवकर जाग आली. वैशाली झोपली होती, ती माझ्या खोलीत झोपते. सवयीने हॉलमधला टीव्ही लावला, आवाज बंद केला. मग जिना चढून तुमच्या खोलीत गेले, खुर्चीत बसले आणि तुमच्या रिमोटने भजनं लावली. खाली हॉलमध्येही टाळ-मृदंग आले असणार. चहाचं आधण ठेवायला तिथे कोणी नव्हतं.